घाटावर बोलणारे मामा

"गुण ऱ्हाऊ देत, सवय सांगा," असं म्हणून ते डावा हात हवेत आडवा फिरवायचे, फळा पुसावा तसा. समोर बसलेल्या माणसाचा बाप नुकताच गेलेला असायचा आणि तो मनमिळाऊ, कष्टाळू, परोपकारी असे शब्द एकामागून एक सांगत असायचा. मामांचा हात फिरला की तो गप्प व्हायचा. मग जरा वेळानं खरं काहीतरी आठवायला लागायचा.

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. शाहूपुरीत त्यांचं पशुखाद्याचं दुकान होतं आणि शेजारच्या पेढीवर मी हिशेब लिहितो. पण त्यांची खरी ओळख दुकानाची नव्हती. आपल्याकडे रक्षाविसर्जनाला, राख गोळा झाली की, चार माणसं गेलेल्याविषयी बोलतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. मामा तिथे बोलायचे. किती जणांसाठी बोलले हे मी मोजलेलं नाही, म्हणून आकडा देत नाही. ओळखीतलं कुणी गेलं आणि मामा बोलले नाहीत, असं मात्र मला आठवत नाही.

मी अधूनमधून दिवाळी अंकात लिहितो. त्यामुळे लिहू पाहणारी मुलं कधी कधी विचारतात, गोष्ट कशी लिहायची? मला मामांचं सांगण्यापलीकडे फारसं काही सांगता येत नाही.

ते आदल्या संध्याकाळी त्या घरी जायचे. पुरुषमंडळी बाहेर खुर्च्या टाकून बसलेली असायची, तिथे थांबायचे नाहीत. आत स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसायचे. गेलेला माणूस जेवताना काय बाजूला काढायचा, कशावरून चिडायचा, एकटा असला की काय पुटपुटायचा, असं घरातल्या बायकांना विचारायचे. लिहून काही घ्यायचे नाहीत. कुणाला लागेल अशी गोष्ट एकाच तोंडून कळली असेल तर ती बोलायचे नाहीत. या त्यांच्या नियमाला मी हिशेबाइतकाच मान देतो.

गडमुडशिंगीच्या एका बौद्ध कुटुंबानं पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांना बोलावलं होतं, तेव्हा मी सोबत होतो. गेलेले गृहस्थ वीज मंडळात वायरमन होते. मुलगा प्राध्यापक. त्यानं वडिलांच्या संघर्षावर दोन पानं लिहून आणली होती आणि ती चांगली होती. मामांनी ती त्यालाच वाचायला लावली. स्वतः उभे राहिले आणि एवढंच सांगितलं, की हे कुठल्याही लग्नाला गेले की आधी मांडवाची वायर बघायचे आणि मग नवरा-नवरी. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाला खुर्चीवरून उठवून खुर्ची वायरीपासून हातभर सरकवली होती. लोक हसले. हसता हसता त्यांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. परत येताना मामा म्हणाले, "रडवाय उभं ऱ्हायचं न्हाय. मानूस उभा करायचा. रडायचं का न्हाय ते त्येंचं ती बघत्यात."

शेवटाबद्दलही त्यांचं मत पक्कं होतं. "शेवटाला शिकवाय लागलं की मानसं गाडीची किल्ली चाचपत्यात." एकदा एका पुढाऱ्यानं रक्षेला आपण गल्लीत आणलेल्या पाइपलाइनवरच भाषण केलं. मामांनी शेजारच्याला गंभीरपणे विचारलं, "आज नळाची रक्षा हाय व्हय?"

माझी एक कथा मी त्यांना वाचायला दिली होती. पेंडीच्या पोत्याला टेकून त्यांनी ती सावकाश वाचली आणि विचारलं, "ह्या बाईला भूक कवा लागती?" माझी नायिका पहिल्या पानापासून रडत होती, पण तिनं कुठे घोटभर पाणीही घेतलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या गोष्टींतली माणसं जेवतात.

गेल्या वर्षी मामी गेल्या. आजारपण थोड्याच दिवसांचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्षा होती आणि आदल्या संध्याकाळी मामा माझ्याकडे आले. मुलगा म्हणत होता, तुम्ही बोलू नका, दुसऱ्या कुणाला सांगू. मामांना ते पटत नव्हतं. परक्यांसाठी एवढं बोललो आणि तिच्यासाठी गप्प बसू, असं त्यांचं म्हणणं. चहा घेतला नाही.

मी म्हणालो, मामी फार सोशिक होत्या. त्यांचा हात थोडा उचलला गेला आणि तसाच मांडीवर पडला.

"एक सवय सांगा की तिची," ते म्हणाले. "मला सांगता यीना झालीया. दिवसभर दुकान, सांजचं दुसऱ्याचं घर. लोकांच्या बायकास्नी इचारत फिरलो, तुमचं मालक कसं हुतं म्हणून. माझ्या घरात कोन हुतं, ते इचारायचं ऱ्हायलं."

मी कधी त्यांना अडलेलं पाहिलं नव्हतं. त्यांना घरी सोडलं आणि त्यांच्या शेजारच्या काकींकडे गेलो. मामींचं त्यांच्याकडे रोजचं येणंजाणं. काकींनी माझं सगळं ऐकून घेतलं. एक गोष्ट आहे, म्हणाल्या, पण ती तुम्हाला सांगणार नाही, मामांनाही आज नको. उद्या तिथेच सांगते. आमच्या गल्लीतल्या बायका पूर्वी घाटावर फारशा जायच्या नाहीत. बोलायला उभी राहिलेली तर मी एकही पाहिली नव्हती.

सकाळी पंचगंगेवर माणूस भरपूर होतं. राख गोळा झाली, पाणी शिंपडलं, फुलं वाहिली. मामांचं नाव पुकारायच्या आत काकी पुढे आल्या. आवाज मागेपर्यंत ऐकू येत होता.

"मामा कुनाच्या रक्षेला बोलून आलं की त्या दुपारी मामी माझ्याकडं यायच्या. आमचं मालक घाटावर जाऊन आल्यालं असायचं. मामी इचारायच्या, आज आमच्या ह्यांनी काय सांगितलं? मग आमचं मालक सांगायचं आनि ह्या उंबऱ्यात बसून ऐकायच्या. दर बारीला. मी एकदा म्हटलं, मामी, घरातच इचारा की. तर म्हनल्या, दमून येत्यात गं. परत कशाला बोलाय लावायचं?"

एवढं सांगून त्या बायकांत जाऊन उभ्या राहिल्या. मुलानं मामांचा दंड धरला होता, तो त्यांनी हळूच सोडवला.

त्या दिवसानंतर मामा कुणासाठीही बोललेले नाहीत. दुकान मुलगा बघतो आणि ते लेकीकडे राहायला गेले. म्हणजे त्या सकाळी काकींनंतर ते जे बोलले, ते त्यांचं शेवटचं बोलणं. बोलणारा उभा राहतो त्या जागी ते गेले नाहीत. राखेच्या ढिगाजवळ, आमच्याकडे पाठ करून, उकिडवे बसले.

"त्या चहावाल्याच्या रक्षंला बोललो, ते तुला सांगायचं ऱ्हायलं," ते म्हणाले. "ऐक."

आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. टपरीवर दोन गिऱ्हाइकं भांडायला लागली की तो चहावाला चहा गाळायचाच नाही, पुन्हा उकळत ठेवायचा, भांडण मिटेपर्यंत. मी ती आधी ऐकली होती. घाटावर मामा मोजकं बोलायचे, त्यामुळे तेव्हा ती लहान होती. आज त्यांना घाई नव्हती. टपरीचा रंग कसा होता, भांडणारे कोण होते, चहा आटून किती कडू व्हायचा आणि तो कुणीच कसा परत करायचं नाही, सगळं घरात बसल्यासारखं सांगत गेले. मागच्यांना नीट ऐकू येत नव्हतं. तरी कुणी पुढे सरकलं नाही.

गोष्ट संपली. दुसऱ्या एका घरची माणसं रक्षेसाठी स्मशानाच्या फाटकाशी येऊन थांबली होती. मामा उठले नाहीत. मान किंचित कलती करून तसेच बसून राहिले. ती काही विचारील म्हणून.