सरकवलेली खूण

मिरजोळ्याच्या बाजूला एका बालवाडीत मी सहा वर्षं शिकवलं. आमच्या मोठ्या बाईंना सणांची भारी हौस, मेहनत मात्र दुसऱ्याची. दिवाळीत मुलांना घेऊन किल्ला मी केला, फोटोत त्या उभ्या. नाताळात कापसाची दाढी मी शिवली, पालकांनी कौतुक त्यांचं केलं. दोन्ही वेळा मी गप्प बसले.

मग शिमगा आला. आमच्याकडे गावोगाव देवीची पालखी नाचते. आधी कुठेतरी नारळ पुरून ठेवतात आणि नाचत नाचत पालखी ती खूण शोधून काढते. मुलांनी हे घरी पाहिलेलं, म्हणून वर्गात छोटी पालखी करायचं मी ठरवलं. टीव्हीचा खोका आणला, दोन हलक्या काठ्या बांधल्या. वडील आखातात असलेल्या एका मुलीच्या अम्मीने जरीची ओढणी दिली. आठवडाभर मुलांचे हात खळीने चिकट झालेले असायचे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी विचारलं, "खूण कुठे पुरलीत?"

"घसरगुंडीच्या मागे," मी म्हटलं. तेव्हा ती खरोखर तिथेच होती.

दुपारी पालकांच्या ग्रुपवर आमंत्रण आलं. खाली लिहिलेलं, 'संकल्पना आणि मार्गदर्शन' आणि पुढे त्यांचं नाव. माझं कुठेच नाही. मुलं घरी गेली, शिपाईमावशी गेल्या. मी नारळ उकरला आणि पार दुसऱ्या टोकाला, नळाजवळच्या अळवात पुरला. घसरगुंडीमागची माती पायाने नीट दाबली. इतकं मन लावून मी त्या शाळेत दुसरं काही केलं नसेल.

दुसऱ्या दिवशी अंगण पालकांनी भरलं. मोठ्या बाई रेशमी साडीत, हातात माइक. "आता आपली पालखी खूण काढणार!" म्हणत त्यांनी मुलांना थेट घसरगुंडीमागे नेलं. प्लॅस्टिकच्या फावड्याने मुलांनी उकरलं. काही नाही. मग बाई स्वतः वाकल्या. निऱ्यांना तांबडी माती लागली, लोक मोबाइलवर टिपत होते. मी आंब्याखाली उभी राहून बघत होते. फार बरं वाटत होतं.

त्या माझ्याजवळ आल्या. दबक्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही इथेच म्हणाला होतात ना?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मॅडम, संकल्पना तुमची. खूण तुम्हालाच ठाऊक असणार."

त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात कुणाचीतरी आजी म्हणाली, "अगो बाय, खूण गावली नाय तर बरा नसता हां." ते ऐकून पालखीची काठी धरलेली एक मुलगी रडायला लागली. "देवी आमच्यावर रागावली?" तिचं बघून बाकीचीही रडू लागली. हे माझ्या हिशेबात नव्हतं. मी काठी खांद्यावर घेतली, मुलांना नाचवत नळाकडे नेलं आणि म्हटलं, "इथे उकरा."

नारळ निघाला, मुलं ओरडली. आणि मोठ्या बाई माइकवर म्हणाल्या, "बघितलंत? देवीने आपली कशी गंमत केली!" टाळ्या पुन्हा त्यांनाच.

त्या टाळ्या ऐकताना मुलांना रडवल्याची लाज होती, नाही असं नाही. पण रागापुढे ती टिकली नाही. एप्रिलमध्ये मी नोकरी सोडली. जूनमध्ये घराच्या पडवीत स्वतःचा वर्ग काढला. जुन्या वर्गातली नऊ मुलं माझ्याकडे आली. मोठ्या बाईंनी फोन करून विचारलं, "माझी मुलं फोडलीत का?"

"पालक आपणहून आले," मी म्हटलं.

ते खोटं होतं. मे महिन्यात भर उन्हात मी त्या नऊही घरांच्या पायऱ्या चढले होते.