ब्रशमामांचे बूट

उंच डोंगरावरच्या त्या राखीव जंगलात शिरण्याआधी प्रत्येकाला फाटकावर बूट घासावे लागत. ते घासून घेणाऱ्या चौकीदाराचं नाव पडलं ब्रशमामा. मामांची जीभ हातातल्या ब्रशाहून खरखरीत. "वरचं शेवाळ पाणी धरून ठेवतं, म्हणून खालच्या शहराच्या नळाला पाणी येतं. तुमच्या बुटातलं एक बी तिथं पडलं ना, की माजलंच तण! घासा!" मोठमोठ्या साहेबांना त्यांनी परत पाठवलं होतं. सख्ख्या जावयालाही सोडलं नव्हतं, आणि ते चारचौघांत सांगायलाही विसरत नसत.

एका सकाळी संशोधक बाई झऱ्याच्या वाटेवरून हातात पिवळं फूल घेऊन उतरल्या. खालच्या शेतांतलं तण वर पोचलं होतं, वाटेच्या कडेचं शेवाळ मरत होतं. त्या वाटेने एरवी दोघेच जात: मामा आणि पाइप दुरुस्त करणारा फिटर. वनखात्याच्या साहेबांनी फिटरला त्याच दिवशी घरी बसवलं. वर मामांनीच शेरा मारला, "हल्ली कामात कुणाचं लक्ष असतं?"

संध्याकाळी बूट काढताना मामांना तळाच्या खाचांत त्याच तणाच्या बिया दिसल्या. त्यांची खोली फाटकाच्या आत. दर रविवारी बहिणीच्या शेतावरून ते कुंपणाच्या मागच्या दाराने परत येत. तीस वर्षांत स्वतःचे बूट घासायचं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आठ दिवस मामांनी तोंड उघडलं नाही. फाटकावर लोकांना नुसतं बोटाने ब्रश दाखवत. स्वतःच्या आवाजाचीच त्यांना लाज वाटू लागली होती. नवव्या दिवशी साहेबांसमोर जाऊन त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

साहेब हसले. "मामा, दुसऱ्याची चूक अंगावर कशाला घेता? तुमच्यावर कोण संशय घेईल?"

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या संध्याकाळपासून न घातलेले बूट त्यांनी पिशवीतून काढले आणि साहेबांच्या टेबलावर उलटे ठेवले; खाचांत बिया तशाच होत्या.

फिटर दुसऱ्या दिवशी कामावर आला. मामांनी फाटकातच हात जोडले. "चुकलो रे बाबा. माझ्याच बुटांनी घात केला."

"बुटांचं राहू द्या हो, ते नकळत झालं," फिटर म्हणाला. "पण आठ दिवस मी घरच्यांना सांगत होतो, मामा आहेत ना तिथं, ते माझ्या बाजूने बोलतील."