गच्चीवर घातलेलं आवतण

हे मी घरात सांगितलं नाही, देवळात सांगितलं नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही. तो होता तेव्हा दोनतीनदा तोंड उघडलं होतं — आणि मग भाकरी करपते की काय ते बघायला चुलीकडे गेले. भाकरी काही करपत नव्हती. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही, म्हणून बहुतेक जमतंय. मला लांबण लावायची सवय आहे, आणि ह्या बाबतीत तर मी मुद्दाम लावणार. आधीच सांगून ठेवते.

हॉटेलापासून सुरू करू? हॉटेलाचं सांगायला मला आवडतं. नातवंडांना शंभरदा सांगितलंय — लिफ्ट, गालिचे, गच्ची. फक्त गच्चीवर येऊन थांबते नेहमी.

आमचं गाव खाडीकाठी. आता नवी मुंबई म्हणतात, तेव्हा असं काही नाव नव्हतं. भात, मिठागरं, थोडी मासळी, आणि दिवस मावळला की रॉकेलच्या चिमण्या. खाडीवर पूल नव्हता. मुंबईला गाडीने जायचं तर ठाण्यावरून वळसा. मग ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने उभे राहायला लागले. आमच्या पाटलांचा नामदेव शिकलेला, त्याला तिथे टेबलाची नोकरी लागली. एकदा कारखान्याला परदेशी पाहुणे आले. साहेबांनी मुंबईतल्या मोठ्या हॉटेलात, गच्चीवर, त्यांना मेजवानी द्यायची ठरवली आणि नामदेवला म्हणाले, तुमच्या बायकांचा नाच ठेवू. नामदेवची बायकोच पुढे झाली, त्यामुळे म्हाताऱ्यांना नाही म्हणता येईना. आम्ही सातआठ जणी निघालो. परतायला उशीर होणार म्हणून राहायची सोयही तिथेच. साहेबलोकांच्या हॉटेलात वस्तीला आम्ही — मिठागरातल्या चिखलाने टाचा फुटलेल्या. विश्वास बसतो तुमचा? आमचा तर परत आल्यावरही बसला नाही.

त्या सातआठ जणींत मी होते आणि पारू होती. पारू शेजारची. मला गावातच दिलेली, माझं नुकतंच लग्न झालेलं. तिचं अजून ठरायचं होतं. आम्ही दोघी माझ्या आत्याकडे धवले, म्हणजे लग्न लावायची गाणी, शिकत होतो. आत्या गावची धवलारीण. आमच्यात भटजी असो नसो, धवलारीण नसेल तर लग्न लागत नाही. ती मांडवात दिव्यासमोर बसते, आणि पहिला धवला असतो तो आवतणाचा — गावदेवी, शेताचे देव, खाडीचे देव, घरातली मेलेली माणसं, एकेकाला नाव घेऊन लग्नाला बोलवायचं. ते येतात. त्यांच्यासाठी पाट मांडलेला असतो, तांदळाचा चौक भरलेला असतो. लग्न झालं की त्यांना रीतसर पाठवायचं. म्हणून धवला मांडवाबाहेर तोंडात आणायचा नाही. शिकताना सुद्धा आम्ही नावांच्या जागी नुसतं गुणगुणत असू. आत्याची शिस्तच तशी होती.

आत्याचा गळा बसत चालला होता. तिच्यामागे मांडवात कोण बसणार, हे तिने बोलून दाखवलं नव्हतं, पण गावाला ठाऊक होतं. पारू. अहो, तिचा आवाजच तसा होता. ती गायला लागली की बायका हातातलं काम खाली ठेवायच्या. मी गायले की कोणीतरी म्हणायचं, हिराचं पाठांतर चांगलं हाय हां. पाठांतर. मला तो शब्द आजही आवडत नाही.

मी जळत होते का? हो. जळत होते. सरळच सांगते, फार सजवत नाही.

तर हॉटेल. लिफ्टचं दार लागलं आणि आम्ही एकमेकींचे पदर धरले. नामदेवची बायको म्हणाली, बाय गो, ही तर भरतीच्या पान्यातली होडी. खोलीत गेलो तर पांढऱ्या चादरी — इतक्या ताणून घातलेल्या, की त्यांवर बसायची हिंमत होईना. आम्ही आधी खालीच बसलो, गालिच्यावर, आणि गालिच्यातच पाय बुडाले. न्हाणीघरात एक पांढरी डोण होती, माणूस आडवं मावेल एवढी, आणि नळ फिरवला की गरम पाणी. पारू त्या पाण्याखाली हात धरून किती वेळ उभी राहिली. "चूल नाय, लाकूड नाय, कुटून येतं गो हे?" मला काय माहीत? सगळंच कुठून तरी येत होतं. त्या संध्याकाळी माझे पाय जमिनीला लागले असं मला आठवतच नाही.

आणि मग गच्ची.

नुकतं मावळलं होतं. एका अंगाला उघडा समुद्र, अजून तांबूस. दुसऱ्या अंगाला बंदर, बोटींवर दिवे लागत होते. हलकं वारं, कुठेतरी बाजा हळू वाजतोय, फुलांचा वास, बायकांच्या अत्तराचा वास. कडेला एक लांब लाकडी काउंटर, मागे बाटल्यांच्या रांगा. पांढऱ्या कोटातला माणूस चांदीसारख्या डब्यात काहीबाही ओतायचा, कानाशी धरून खुळखुळवायचा आणि लांब दांड्याच्या ग्लासात रिकामं करायचा — गुलाबी, हिरवं, पिवळं. दारूबंदीचे दिवस ते, पण परवानावाल्यांना आणि परदेशी पाहुण्यांना तिथे मोकळीक होती. कॉकटेल म्हणतात हे नामदेवने सांगितलं. आम्हाला तशाच ग्लासात सरबत दिलं, वर एक लाल चेरी. सरबतच होतं. ग्लासात काही होतं म्हणून माझ्याकडून तसं झालं, असं म्हणायला मला फार सोपं पडलं असतं — पण नव्हतं काही.

पारू आणि मी कठड्याशी गेलो. बंदराच्या पल्याड नुसता काळोख. त्या काळोखात आमचं गाव होतं. पारू म्हणाली, "आपून तितं असतो तर काय करीत असतो?" मी म्हटलं, चूल फुंकत. ती हसली आणि तिची चेरी माझ्या ग्लासात टाकली. तिला गोड आवडत नसे. हे का सांगते मी तुम्हाला? सांगायला नको होतं. पण झालं होतं तसं.

नाच झाला. टाळ्या पडल्या. मग एक म्हातारी गोरी बाई पुढे आली, मोत्यांची माळ घातलेली, आणि नामदेवला काहीतरी म्हणाली. नामदेव म्हणाला, "बाईसायबांना लग्नातलं गानं ऐकायचंय." आम्ही एकमेकींकडे बघितलं. पारूच बोलली — धवला इथे नाही, तो मांडवातच. नामदेवने कसंबसं समजावलं. बाई हिरमुसली, पण मान डोलावली. झालं, विषय संपला. आम्हाला खाली जेवायला पाठवलं.

जेवण झाल्यावर पारू म्हणाली, मी त्या डोणीत झोपून बघते, दार लावून घेते. बाकीच्या विड्याची पानं लावत बसल्या. मी म्हटलं, माझा गजरा वर राहिला.

गजरा माझ्या डोक्यातच होता.

वर माणसं तशीच होती, थोडी पांगलेली. ती बाई एकटी खुर्चीवर. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. भाषा येत नव्हती. गळ्याला हात लावून दाखवला. आणि गायले. आवतणाचा धवला. नावांच्या जागी गुणगुणले का? नाही. सगळी नावं घेतली. गावदेवीला बोलावलं, खाडीच्या देवांना बोलावलं, आमच्या घरातल्या मेलेल्यांना बोलावलं — त्या दिव्यांखाली, बाटल्यांच्या रांगेसमोर. ना पाट, ना चौक, ना नवरा-नवरी. आणि कशी गायले म्हणून सांगू? तशी मी आधी कधी गायले नव्हते, पुढेही कधी नाही. आवाज माझा होता पण ओळखीचा नव्हता. माणसं बोलायची थांबली. काउंटरमागच्या माणसाचा डबा थांबला. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने माझे दोन्ही हात धरले.

तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? देव? आत्या? छे हो. माझ्या मनात आलं, पारूने हे ऐकायला हवं होतं.

देवांना परत पाठवलं नाही. पाठवणीचा धवला आत्याने मला अजून शिकवलाच नव्हता. मी खाली आले, पांढऱ्या चादरीवर झोपले, आणि काय सांगू, छान झोप लागली. सकाळी गाडीत पारू माझ्या खांद्यावर डोकं टाकून गावापर्यंत पेंगत आली.

पुढचं सांगायचं जिवावर आलंय. पण आता आलेच आहे इथवर.

थोड्या दिवसांनी नामदेव देवळापुढे फुशारकी मारत बसला होता. गाडीवाल्याला जेवण पोचवून तो जिन्याने वर येत होता, तेव्हा त्याने ऐकलं होतं. बघितलं नव्हतं, ऐकलं होतं. "पाय उचलंना माझा, असा आवाज. पारूच ती. दुसऱ्या कोनाचा हाय का गावात तसा गला?" तो बिचारा कौतुकच करत होता. पण संध्याकाळपर्यंत ते आत्याच्या कानावर गेलं.

आत्याने आम्हा दोघींना ओटीवर बसवलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी सुपात तांदूळ घेऊन बसले होते, खडे वेचत. आत्या म्हणाली, "देवांना बोलवून उभं ठेवलं. कोनी?"

पारू म्हणाली, "मी नाय."

आणि तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं — गजऱ्याचं निमित्त करून मी वर गेले होते ते. ती माझं नाव घेऊ शकत होती. घेतलं नाही. ती नुसती थांबली, मी बोलेन म्हणून. किती साधी अपेक्षा होती ती. आत्याने मला विचारलं, "तू?" मी सुपातून मान वर न करता म्हटलं, "मी तर खालीच होते, बायकांत."

एवढंच. एवढंच बोलले मी. आत्याला मी खरी वाटले, बाकीच्या बायकांना तिने विचारलंही नाही, कारण नामदेवने ऐकलेला आवाज माझा असूच शकत नव्हता. कळतंय का तुम्हाला? जन्मात एकदा मी पारूसारखी गायले, आणि त्याचा पुरावा असा निघाला की ती पारूच असणार. ह्यावर मला रागसुद्धा आला होता. माझं गाणं तिच्या नावावर गेलं म्हणून राग — आणि माझी शिक्षाही तिच्याच नावावर गेली त्याचं काही नाही.

आत्या पारूला म्हणाली, "आजपास्नं धवला तोंडात आनू नको. हितं नाय, जिथं देतील तिथं पन नाय." पारू उठली, आत्याच्या पाया पडली आणि घरी गेली. तिने शब्द पाळला. भात लावताना बायका गात, ती गप्प असायची. मी आत्यामागे मांडवात बसायला लागले. पाठवणीही शिकले. गाव मला मान द्यायला लागलं, लुगडं-नारळ देऊन न्यायला लागलं, आणि मी गेले. दर वेळी गेले.

वर्षभराने पारूचं लग्न ठरलं, नावडे गावात. आत्या अंथरुणाला खिळलेली. धवलारीण म्हणून मी.

मी आजारपणाचं निमित्त काढू शकत होते. तेवढी सुद्धा लाज मला नव्हती. बसले दिव्यासमोर. पारू पाटावर, हळदीने पिवळी, मुंडावळ्या बांधलेली, मान खाली. आवतण सुरू केलं. गावदेवी झाली, शेताचे देव झाले, खाडीचे देव झाले. मग तिच्या घरातली गेलेली माणसं — आजोबा झाले, आजी झाली. आणि पुढचं नाव येईना. पाठांतरवाली मी. तोंड उघडं आणि आत काहीच नाही. ती पोरगी चालायला लागायच्या आधीच तिची आई गेली होती, आणि आता तिच्या लग्नाला तिला बोलवायचं तर मला नाव आठवेना. बोलावलं नाही तर ती येणार कशी?

मुंडावळ्यांच्या आतून, ओठ न हलवता, पारूने सांगितलं. "चांगुना." गाऊन नाही, नुसतं. शब्द पाळला होता ना तिने.

मी ते नाव घेतलं आणि पुढे गायले. लग्न झाल्यावर बायका म्हणाल्या, हिरा, त्या नावाआधी थांबलीस ना, अंगावर काटा आला बघ. मी म्हटलं, तिथे थांबायचंच असतं.