बेटावरून आलेली करवली

गाड्याच नसलेल्या ठिकाणी माणसं मुद्दाम जातात कशाला, हेच आत्याला आधी कळेना. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. वडिलांना कारखान्याने वर्षभर विलायतेत शिकायला पाठवलं होतं; आई आणि मीही सोबत होतो. परतताना त्यांच्या एका ग्रीक सहकाऱ्याने आम्हाला आपल्या गावी नेलं आणि समोरचं छोटं बेट होडीने दाखवून आणलं. बंगळूरला पोचलो तेव्हा अक्काच्या मुलीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. तिची करवली मीच, हे आम्ही दोघी फ्रॉक घालायचो तेव्हापासून ठरलेलं.

"गाडी नाही, तर निदान बैलगाडी?" अक्काने विचारलं.

"काहीच नाही. चालायचं."

"मग बघायला काय?"

मी गप्प बसायला हवं होतं. एरवी बसतेच. पण तिथल्या दगडी बोगद्याच्या तोंडाशी मी उभी राहिले होते आणि ते मला कुणाला तरी सांगायचं होतं. "तिथे महारोग्यांना ठेवायचे. त्या बोगद्यातून आत नेलं की परत यायचं नाही. आता कुणी नाही. एका खिडकीत डब्यात लावलेलं रोप वाळून तसंच उभं होतं."

अक्काने माझ्या हातातलं पेढ्यांचं ताट काढून घेतलं.

मग सुरूच झालं. माझ्या चपला मागच्या अंगणात, माझे कपडे हळदीच्या पाण्यात, माझा पेला वेगळा.

"अक्का, तिथले रोगी केव्हाच गेले," वडील म्हणाले. "डॉक्टरांना विचारलंय मी. काही होत नाही."

"सरी, सरी, असेल बरोबर. डॉक्टरच्या घरी लग्न नाहीये. व्याह्यांना कळलं तर?"

"कोण सांगणार त्यांना?"

"तुझी लेक! एरवी तोंड उघडत नाही, आणि उघडलं तर हे."

करवली म्हणून अक्काच्या जावेची मुलगी ठरली. तिला सपाटून सर्दी झाली होती. नाक ओढत ती नवरीच्याच पांघरुणात झोपायची.

"ही सर्दी चालते?" मी आईला विचारलं.

"स्वल्प गप्प बस गं, लग्नघर आहे."

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी करवलीच्या मागे, बायकांच्या घोळक्यात उभी होते. करवली शिंकली, तसा तिच्या हातातला करा डुगडुगला. लगेच अंतरपाटासमोर नवरीही शिंकली. मग मान न वळवता तिने हात मागे केला आणि बोटं हलवली. वर्गात माझ्याकडे खोडरबर मागायची, अगदी तशी. करवलीला बाजूला सारून मी नवरीला माझा रुमाल दिला. तिने नाक पुसलं आणि माझं मनगट घट्ट धरलं ते सोडेचना.

अक्काने पाहिलं. चारचौघांत ओरडता येईना, म्हणून अक्षता टाकत ती माझ्या कानाशी आली.

"रुमाल तरी तिकडचा नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. बेटावर उन्हात तोच मी डोक्यावर धरला होता.