कादरभाईंना न दिसलेला एरर

कादर शिकलगार आमच्या बाणेरच्या कंपनीतले सगळ्यात जुने प्रोग्रामर. ही गोष्ट घडली तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर उभा राहिला की वजन आपोआप नोंदवलं जातं, ते काम. त्यातला निम्मा कोड कादरभाईंच्या हातचा. पण कंपनीत त्यांचं नाव होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. नवीन माणूस रुजू झाला की पहिल्या दिवशी कोणीतरी त्याला सांगायचंच, "कादरभाईंची फाइल घे."

ही फाइल म्हणजे त्यांच्या एडिटरची सेटिंग्ज. एडिटर म्हणजे ज्या प्रोग्राममध्ये आम्ही दिवसभर कोड लिहितो तो. अक्षर केवढं हवं, रंग कोणता, कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं, चूक झाली तर ती कुठे दाखवावी, हे सगळं त्यात आपापल्या सोयीनं ठरवता येतं. बहुतेक लोक तो आला तसा वापरतात. कादरभाईंना ते जमायचं नाही. त्यांचे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत टर्नर होते आणि काम सुरू करण्याआधी लेथ स्वतःच्या हाताला जुळवून घ्यायचे म्हणे. मुलगाही तसाच. एडिटरची नवी आवृत्ती आली की अर्धा दिवस सेटिंग्जमध्ये घालवणार, आणि काय बदललं, का बदललं, याची एकेक ओळ फाइलमध्येच लिहून ठेवणार.

मी शालू चांदेरे. सगळ्यांची मशिनं आणि त्यावरची सॉफ्टवेअर नीट चालतात की नाही हे बघणं माझं काम. २०१९च्या ऑगस्टमध्ये कादरभाईंची तक्रार आली. "एडिटर एरर दाखवत नाही. तिसऱ्यांदा लिहितोय. वाचता येत असेल तर वाचावे."

मी हसले. पण गोष्ट हसण्यासारखी नव्हती. त्या महिन्यात दोनदा त्यांच्या हातून चुकीचा कोड पुढे गेला होता. एडिटर अशी चूक लगेच पकडतो. खाली उजव्या कोपऱ्यात लाल चौकट येते, पाच-सहा सेकंद थांबते आणि जाते. शिवाय खालच्या पट्टीत चुकांची यादी राहते. कादरभाईंचं म्हणणं, यातलं काहीच येत नाही.

मी त्यांची फाइल माझ्या मशीनवर घेतली. एरर आला. म्हटलं, त्यांच्या मशीनचा दोष असणार. ते जेवायला गेले असताना त्यांच्या जागेवर बसून बघितलं. एरर आला. ते परतले, बसले, पंधरा मिनिटांत फोन. "नाही येत."

मग मी रीतसर मागे लागले. एडिटरला जोडलेली जास्तीची साधनं आधी निम्मी बंद केली, मग उरलेली निम्मी. एकाच गोष्टीची सेटिंग दोन ठिकाणी असली तर एक दुसरीला दाबून टाकते. तसं काही आहे का ते ओळ न् ओळ तपासलं. एडिटर काढून पुन्हा टाकला. शेवटी त्यांची सगळी सेटिंग्ज बाजूला ठेवून कोरा एडिटर दिला. दर वेळी माझ्यासमोर चालायचा आणि त्यांच्या हातात गेला की बंद.

"तुझ्याकडे बघून लाजतो बहुतेक," कादरभाई म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारीच बसले. "आता माझ्यासमोर चूक करा," म्हटलं.

त्यांनी एक कंस पुसला आणि फाइल सेव्ह केली. खाली उजवीकडे लाल चौकट आली.

"बघ," ते म्हणाले. "काही नाही."

मला वाटलं, गंमत करताहेत. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते स्क्रीनच्या मध्यावर नजर लावून शांत बसले होते, एखाद्याची लबाडी पकडल्यासारखे. तेवढ्यात चौकट गेली.

"कादरभाई, आला होता की एरर!"

"कुठे?"

"तो काय, खाली. आत्ता गेला."

"असं कसं होईल? मी समोर बसलोय ना."

पुन्हा केलं. या वेळी चौकट आल्याबरोबर मी तिच्यावर बोट टेकवलं आणि तसंच ठेवून म्हटलं, "हे काय, इथे." कादरभाईंनी आवाजाच्या रोखानं मान वळवली आणि दचकलेच. "हा तुझा हात कुठून आला?"

हात मगापासून तिथेच होता.

काय करावं सुचेना. लहानपणी आम्ही मुली एक खेळ खेळायचो, तसं मी केलं. त्यांना म्हटलं, समोर बघत राहा. उजवा हात त्यांच्या कानाशी धरला आणि बोटं हलवत हळूहळू पुढे आणू लागले. "दिसला की सांगा." हात गालापर्यंत आला. डोळ्याच्या कडेपाशी आला. कादरभाई समोर बघत होते. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ते म्हणाले, "हं, आला."

डाव्या बाजूनंही तसंच. बाजूच्या टेबलावर कोणीतरी चहा मागवत होतं.

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," शेवटी ते म्हणाले. पण सहा महिन्यांपूर्वीच त्यांनी नंबर तपासला होता, आणि तक्त्यावरची अगदी शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली होती. हे त्यांनीच मला अभिमानानं सांगितलं होतं.

जागेवर परत आल्यावर मी त्यांची फाइल पुन्हा उघडली. तिचे सगळे जुने बदल तारखेनिशी साठवलेले होते. मी मागून पुढे वाचत आले. २०१७च्या मार्चमध्ये डावीकडची फाइलींची यादी काढून टाकलेली. शेजारी शेरा: "असून उपयोग नाही, लक्षात येत नाही." त्याच वर्षी दिवाळीनंतर कर्सर जाड आणि पिवळा. "नवीन आवृत्तीत कर्सर हरवतो. कोणी टेस्ट करतं की नाही?" मग ओळीची लांबी शंभर अक्षरांवरून ऐंशी. पुढच्या वर्षी साठ. उजवीकडचा नकाशा, म्हणजे सगळ्या कोडचं छोटं चित्र, बंद. वरच्या टॅब बंद. सगळा मजकूर स्क्रीनच्या मधोमध, दोन्हीकडे काळी मोकळी जागा. "आता बरं."

मी या ओळी आधी कितीदा वाचल्या होत्या! ऑफिसात आम्ही अकरा जण तीच फाइल वापरत होतो. मीसुद्धा. आम्हाला वाटायचं, मधोमध मजकूर ठेवला की लक्ष विचलित होत नाही, केवढं डोकं लावलंय माणसानं! आणि त्यांना वाटत होतं, एडिटर दर आवृत्तीला बिघडत चाललाय. दोन वर्षं एक माणूस आपल्या डोळ्यांचा दोष सेटिंग्जमध्ये दुरुस्त करत होता, आणि ते त्याला माहीतच नव्हतं.

त्यांच्या घरी मीच फोन केला. त्यांची बायको, बेगमभाभी, दुसऱ्या दिवशी आम्हाला शनिवार पेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात भेटल्या. कादरभाईंनी मला का बरोबर नेलं हे मी विचारलं नाही. बहुधा घरी गेल्यावर सगळं पुन्हा समजावून सांगायला कोणीतरी हवं होतं.

तिथे एक तपासणी असते. पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवायची, मध्यावर बघत राहायचं, आजूबाजूला बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. कादरभाई बाहेर आले ते वैतागूनच.

"यांचं मशीन बंद पडतंय मध्येच. मिनिट मिनिट दिवाच येत नाही. सेटिंग तपासा म्हणावं."

तपासणी घेणारी बाई दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "काका, दिवे सगळे आले."

डॉक्टरीणबाईंनी दोन कागद टेबलावर ठेवले. प्रत्येकावर एक वर्तुळ, एकेका डोळ्याचं. वर्तुळ जवळजवळ सगळं काळं होतं. मध्ये रुपयाएवढा पांढरा ठिपका.

"काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर जाते आणि मधली शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून वाचता येतं आणि कळत नाही. मेंदू गेलेली जागा भरून काढतो. गेलं ते परत येणार नाही. आहे ते थेंब घालून राखायचं, रोज, न चुकता."

कादरभाई त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण मला काळं काही दिसत नाही. सगळं दिसतं."

"तुम्हाला तसं वाटतं," बाई म्हणाल्या.

बेगमभाभींनी एकदम विचारलं, "आणि स्कूटर?"

"स्कूटर बंद. आजपासून."

भाभींनी खुर्चीची कड घट्ट धरली. मागच्या वर्षी खडकी स्टेशनजवळ कादरभाईंनी एका हातगाडीला धडक दिली होती, आणि गाडीवाल्यालाच आंधळा म्हणून झापलं होतं. "मी रोज यांच्या मागे बसते," त्या म्हणाल्या. "मुलीला मध्ये घेऊन बसते." आणि त्या रडायला लागल्या. त्यात भीतीपेक्षा राग जास्त होता, पण कोणावर काढायचा ते त्यांना कळत नव्हतं.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कोणाला होतं का? हे रक्तातून येतं."

"नाही," कादरभाई म्हणाले. आणि थांबले. त्यांचा चेहरा उतरत गेला. त्या कागदानंसुद्धा तो तसा उतरला नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी सांगितलं. त्यांची आई, मदिनाबी, दहा वर्षांपूर्वी वारली. शेवटची काही वर्षं खाटेवरून उतरायला बघायची नाही. शेजारी ठेवलेला चहाचा कप हात लागून पडायचा. उंबऱ्याला ठेचकाळायची. घरातले म्हणायचे, म्हातारपण. सुईत दोरा मात्र ती शेवटपर्यंत स्वतः ओवायची, त्यामुळे डोळ्यांचा संशय कोणालाच आला नाही.

"मी रागवायचो तिला, शालू. अम्मा, बघून हात टाकत जा ना, म्हणायचो. एकदा तर ओरडलो. ती म्हणाली, बेटा, कप कुठून येतो कळत नाही रे." ते जिना उतरताना भिंतीला हात लावून उतरले. ही सवय त्यांना केव्हापासून होती कोण जाणे. मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

कंपनीत कसं सांगायचं, याचा त्यांनी आठवडाभर घोळ घातला. नोकरी जाईल असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. शेवटी मॅनेजर यज्ञेश्वर गोखल्यांच्या केबिनमध्ये गेले आणि दोन कागद पुढे ठेवले. यज्ञेश्वर फटकळ माणूस. त्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघितले.

"म्हणून तू माझ्या टेबलाजवळून मान ताठ करून जायचास?"

"कधी?"

"रोज! सहा महिने. मी नमस्कार करतो, तू बघत नाहीस. मला वाटलं, प्रमोशन दिलं नाही म्हणून फुगलाय. तुझ्याविषयी काय काय बोललो मी लोकांत." तो उठून खिडकीशी गेला. "मी गाढव आहे."

नोकरी राहिली. कारखान्यांवर जाऊन काटे बघायचं काम दुसऱ्याकडे गेलं, ते मात्र कादरभाईंना लागलं. कारखान्यांची माणसं त्यांना नावानं ओळखायची.

मग आम्ही दोघं सेटिंग्जला बसलो. या वेळी काय दुरुस्त करायचंय ते माहीत होतं. एरर कोपऱ्यात न येता चुकलेल्या ओळीतच, शब्दाला लागून येईल असं केलं. चूक झाली की आवाज होईल. चौकट आपोआप जाणार नाही, माणसानं बंद केली तरच जाईल. कळफलकावरच्या एका बटणानं कर्सर नजरेसमोर आणता येईल. आवाजाची सेटिंग दोन दिवस चालेना. शेवटी कळलं, त्यांच्याच जुन्या फाइलमधली एक ओळ तिला दाबत होती. "मीच बसवली होती," ते म्हणाले. "पुसून टाक." मी ती ओळ पुसली आणि पहिला टुणकन आवाज झाला. कादरभाई खुर्चीत उडाले. दोघंही हसलो, पुष्कळ दिवसांनी.

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळ्या ऑफिसला पत्र पाठवलं. "माझी जुनी फाइल कोणीही वापरू नये. ती अधू डोळ्यांसाठी झाली आहे. आपले डोळे चांगले असतील तर स्क्रीन पूर्ण वापरावी." मी माझ्या मशीनवरून फाइल काढली. दोन्ही बाजूंना याद्या, टॅब, नकाशा, सगळं एकदम उघडलं. इतकं काही तिथे असतं हे मी विसरूनच गेले होते.

राहिला त्यांचा धाकटा भाऊ जब्बार. तोही वडिलांच्याच फॅक्टरीत. तपासणीला यायला तयारच होईना. "मला स्वच्छ दिसतं," एवढंच म्हणायचा. कादरभाईंनी तीन वेळा सांगितलं, चौथ्यांदा बेगमभाभींनी त्याच्या क्वार्टरवर जाऊन सांगितलं. डिसेंबरात गेला एकदाचा. त्याच्या वर्तुळाची फक्त वरची एक कड काळवंडली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात, थेंब चालू ठेवले तर याला बहुधा पुढचं काही होणार नाही.

जब्बारनं तो कागद आणून भावाच्या हातात दिला. कादरभाईंनी तो अगदी डोळ्यांसमोर धरला आणि मान सावकाश एका कडेकडून दुसरीकडे नेत सगळं वर्तुळ बघितलं. बराच वेळ बघितलं. मग घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. जब्बारनं परत मागितला तरी दिला नाही.