रिकाम्या रकान्यातली अक्का

नव्वदच्या दशकात कुंभकोणमच्या आमच्या तंजावरी मराठी घरांच्या गल्लीत संगणक म्हणजे काय ते फक्त मला कळतं, असा माझा पक्का समज होता. जन्मनोंदींची जुनी रजिस्टरं संगणकावर चढवायचं काम एका खाजगी केंद्राने घेतलं होतं आणि मी तिथे दिवसभर कळा बडवत बसायची.

अडचण एकच होती. मूल जन्मलं की दोन-चार दिवसांत घरातलं कुणीतरी जाऊन नोंद करून येतं. बारसं मात्र बाराव्या दिवशी. नाव सांगायला पुन्हा कोण जातं? त्यामुळे रजिस्टरात पानोपानी नावाचा रकाना रिकामा, आणि संगणक रिकाम्या रकान्यावरून पुढे सरकेना. मग मी शक्कल लढवली. मुलगी असेल तिथे नावाच्या जागी ‘फीमेल चाइल्ड’, मुलगा असेल तिथे ‘मेल चाइल्ड’. कामाचा उरक पाहून मालक खूश आणि मी तर हवेतच होते.

पुढे माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, लग्न झालं. भावजी सिंगापूरला नोकरीवर गेले, अक्का आमच्याकडे बॅग भरून तयार. कॉफीचा फिल्टरसुद्धा साडीत गुंडाळून झाला होता. तिच्या तिथे राहण्याच्या परवान्यासाठी भावजींनी तिथल्या कचेरीत जन्मदाखला दिला, तो माझ्याच केंद्रात छापलेला. तिथल्या संगणकाने तो पासपोर्टशी ताडून पाहिला आणि उत्तर आलं : पासपोर्टवरची बाई आणि फीमेल चाइल्ड नावाची बाई वेगळ्या दिसतात, यांतली पत्नी कोणती ते कळवावं.

भावजींनी फोनवर ते वाचून दाखवलं तेव्हा मी खो खो हसले. अक्का हसली नाही.

“आठ महिने झालें त्यांस जाऊन,” एवढंच म्हणाली आणि बॅग पलंगाखाली ढकलली. माझं तोंड एवढंसं झालं.

नाव मागाहून चढवायची सोय होती. शाळेचा दाखला हवा, आईचं प्रतिज्ञापत्र हवं, शिवाय बारशाला हजर असलेलं आणखी एक माणूस हवं. म्हणून तिरुविडैमरुदूरहून आत्या बसने आली. नोंदणीच्या साहेबांनी तमिळमध्ये विचारलं, ती मुलगी हीच, हे तुम्हाला कशावरून माहीत? आत्या पुढे सरकली. तिने अक्काचं डोकं जवळ ओढलं, कानाशी हात आडवा धरला आणि बारशाला सांगितलं होतं तसं नाव पुन्हा सांगितलं, तीनदा, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं. चोवीस वर्षांची अक्का पदराआड हसत होती आणि त्याच पदराने डोळेही पुसत होती. साहेबांनी मान खाली घालून रजिस्टरात नाव लिहिलं.

त्याच दिवशी मी रकान्यातलं माझं पांडित्य पुसून तिचं नाव टाइप केलं. इतका आनंद मला त्या यंत्रापुढे कधी झाला नव्हता. नवा दाखला गेला, परवाना आला, बॅग पलंगाखालून निघाली.

अक्का गेली त्या दिवशी निरोपाला आलेल्या आत्याला मी एक गोष्ट कबूल केली. घाईघाईत, वडिलांचं नावसुद्धा न वाचता, मी माझ्या स्वतःच्या नोंदीतही फीमेल चाइल्ड टाकलं होतं.

आत्याने हातातली पिशवी खाली ठेवली.

“होंदे, त्यांत काय,” ती म्हणाली. “ये, कान दे इकडे.”