हे दाबलं तर काय होईल?

सोनवणे मॅडमना गुळगुळीत शब्दांचा भयंकर राग होता. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर बनायचं आणि मेनूतला प्रत्येक शब्द त्यांच्या नजरेखालून जायचा. "आपण लोकांच्या हातात काय देतोय, ते सरळ सांगायला काय जातं रे तुमचं?" हे आम्ही दिवसाआड ऐकायचो.

त्यांची रीत ठरलेली होती. मेनूतले शब्द कागदावर लिहून घ्यायचे, घाटकोपरच्या एका लॅबमध्ये जायचं आणि काउंटरवरच्या मुलीला एकेका शब्दावर बोट ठेवून विचारायचं, "हे दाबलं तर काय होईल?" मुलगी अडखळली की त्या शब्दावर काट. समजावून सांगायला सक्त मनाई. "तू काय प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभा राहणारेस?" विचारून झालं की कागदावर 'विचारलं' लिहून सही करायची.

एकदा जुने रिपोर्ट काढून टाकायची सोय करायची होती. मॅडमनी नाव दिलं, 'जुने रिपोर्ट कायमचे पुसा'. आमच्या साहेबांना ते गावठी वाटलं. त्यांना 'ऑप्टिमाइझ' हवं होतं. रजेवर जाताना मॅडम मला म्हणाल्या, "साहेबांचा शब्द घेऊन घाटकोपरला जा. मगच सही कर." मी गेलो नाही. बाहेर ऊन होतं आणि साहेबांशी वाद नको होता. एसीत बसूनच मी 'विचारलं' लिहून सही केली आणि साहेबांचा शब्द मेनूत गेला.

महिनाभरात मुलुंडच्या एका लॅबमधल्या शीतलने 'ऑप्टिमाइझ' दाबलं. कॉम्प्युटर रखडत होता, त्याने वेग येईल असं तिला वाटलं. सगळ्या जुन्या पेशंटचे रिपोर्ट गेले. मालकाने तिला त्याच दिवशी घरी बसवलं. "यूजरची चूक," एवढं बोलून आमच्या साहेबांनी चहा मागवला.

मॅडमनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. "गेला होतास?"

"नाही."

पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला नाही. तडक मुलुंडला जाऊन त्यांनी मालकाला लिहून दिलं की चूक आमची आहे. शीतल कामावर परत आली. मॅडमचा मात्र साहेबांनी राजीनामा घेतला. मी त्याच खोलीत होतो आणि तोंडातून शब्द काढला नाही. साहेबांची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं, आणि स्वतःची तर शरम वाटते.

पुढे मॅडमचेच शब्द गुपचूप मेनूत घालायचं ठरलं. या वेळी मी घाटकोपरला गेलो. काउंटरवरच्या मुलीने कागद वाचला आणि लगेच म्हणाली, "जुने रिपोर्ट जातील, परत मिळणार नाहीत." मग तिने माझ्यामागे दाराकडे पाहिलं. "मॅडम नाही आल्या?"

"रजेवर आहेत," मी म्हणालो. तेही खोटंच.